सरांची केबिन रिकामी होतेय आणि मला ‘पूल’मध्ये टाकतायत

पत्र थोडक्यात असं: लिहिणाऱ्या ताई ४९ वर्षांच्या आहेत, डोंबिवलीला राहतात आणि फोर्टमधल्या एका सॉलिसिटर फर्ममध्ये चोवीस वर्षं लीगल सेक्रेटरी आहेत. बी.कॉम. झाल्यावर इंग्रजी शॉर्टहँड मिनिटाला १२० शब्दांपर्यंत केलं, स्टेनो म्हणून लागल्या आणि सगळा काळ एकाच सीनियर पार्टनरच्या हाताखाली गेला. ‘सर डिक्टेशनमध्ये “नेहमीची प्रेअर” एवढंच म्हणायचे, पुढचं पान मी लिहायचे,’ असं त्या सांगतात. (प्रेअर म्हणजे दाव्याच्या शेवटी कोर्टाकडे केलेल्या मागण्या.) सर मार्चअखेर निवृत्त होतायत. नवे पार्टनर स्वतःच टाइप करतात, नाहीतर फोनमध्ये बोलतात आणि मजकूर तयार होतो. फर्मने एआयचं सॉफ्टवेअर घेतलंय. एप्रिलपासून तिन्ही सेक्रेटरींचा एक ‘सपोर्ट पूल’ होणार असून पंधरा-सोळा वकिलांचं काम तिघींनी मिळून करायचंय. ‘सरांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिकासुद्धा मीच टाइप केली होती. आता काल आलेली मुलगी मला कॉन्फरन्स रूम बुक करायला सांगते.’ ऑफिस मॅनेजरने त्यांची फायलिंगच्या नोंदींची वही स्कॅन करायला मागितली आहे. यजमान म्हणतात, सोडून दे. भाची म्हणते, एलएलबी कर. आई मिरजेला एकटी आहे, त्यामुळे कोल्हापूरच्या सर्किट बेंचचा (मुंबई उच्च न्यायालयाच्या तिथल्या शाखेचा) विचारही डोक्यात आहे. त्यांचा प्रश्न: ‘माझं काम संपलंय का? संपलं नसेल तर मी नेमकं काय करू?’

ताई,

आधी कडू भाग. शॉर्टहँडचं काम संपलंय. तुमच्या फर्मपुरतं तर नक्कीच. २०११ च्या सुमाराला गोदरेजचे टाइपरायटर बनणं बंद झाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा आपण सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली आणि दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर कामाला बसलो, कारण टायपिंग करणारा माणूस तेव्हाही लागत होता. या वेळी बदललेत ते वकील. तिशीतला वकील शाळेपासून कीबोर्डवर वाढला आहे. दुसऱ्याला तोंडी सांगून लिहून घेणं त्याला अवघड जातं, स्वतः टाइप करणं सोपं. तो तुमचा अपमान करत नाहीये, त्याला डिक्टेशन देताच येत नाही. आणि पंधरा वकिलांमागे तीन सेक्रेटरी ही आजची रचना उद्या दोनवर येणार नाही, असं मी तुम्हाला सांगू शकत नाही.

आता तुमच्याच पत्रातलं ते वाक्य बघू या. सर ‘नेहमीची प्रेअर’ म्हणायचे आणि पुढचं पान तुम्ही लिहायचात. म्हणजे त्या पानाचं डिक्टेशन झालेलंच नव्हतं. अंतरिम दिलासा कुठे मागायचा, खर्चाची मागणी कोणत्या कलमात टाकायची, ‘न्यायालयाला योग्य वाटेल ते’ हे शेवटचं कलम विसरायचं नाही, हे सगळं तुमच्या हातात बसलेलं होतं. चोवीस वर्षं तुम्हाला पगार १२० च्या वेगासाठी मिळत होता असं तुम्ही धरून चालला आहात. फर्मही तसंच धरून चालली असणार, कारण नेमणूकपत्रावर ‘स्टेनो-टायपिस्ट’ लिहिलेलं असेल. मला ते पटत नाही.

मी वकिलांच्या कार्यालयांत बराच काळ काढला आहे. तिथे सगळ्यात महाग पडते ती टायपिंगची चूक नव्हे, चुकलेली तारीख. कमर्शियल सूटमध्ये, म्हणजे व्यापारी दाव्यात, समन्स मिळाल्यापासून १२० दिवसांत लेखी जबाब दाखल झाला नाही, तर तो दाखल करण्याचा हक्कच जातो. तिथे न्यायाधीशांनाही सवलत देता येत नाही. कॅव्हेट, म्हणजे ‘आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका’ असा आधीच दिलेला अर्ज, ९० दिवसांनी संपतं आणि ते संपलंय हे अशिलाला ठाऊक नसतं, पुष्कळदा वकिलालाही आठवत नाही. या तारखा तुमच्या फर्ममध्ये आजवर कोण सांभाळत होतं? संध्याकाळी बोर्ड (दुसऱ्या दिवशीच्या सुनावण्यांची यादी) लागला की उद्याची मॅटर कोणत्या कोर्टात कितव्या नंबरवर आहे, ते कोण बघायचं? फायलिंगच्या खिडकीवरून ऑब्जेक्शनची, म्हणजे त्रुटींची, यादी आली, की त्यातली कोणती दहा मिनिटांत निघतील आणि कोणत्यासाठी अशिलाला परत सहीला बोलवावं लागेल, हे कुणाला कळायचं? वकालतनाम्यावर वेल्फेअर स्टॅम्प नाही, एक्झिबिट ‘सी’ची झेरॉक्स वाचता येत नाही, मराठी खरेदीखताचं इंग्रजी भाषांतर जोडलेलं नाही. हे पाहणारा डोळा कोणत्याही टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये तयार होत नाही.

ई-फायलिंग आल्यावर हे काम कमी होईल असं सगळ्यांना वाटलं होतं. माझ्या मते ते वाढलं, फक्त त्याची जागा बदलली. एकच उदाहरण देते. तुम्ही कोर्टात द्यायच्या कागदपत्रांचं कम्पायलेशन तयार करता, त्यात सुरुवातीला अनुक्रमणिका आणि तारखांची यादी असते. त्या पानांना ए, बी, सी अशी अक्षरं असतात आणि खरी पान १ त्यानंतर सुरू होते. कागदाच्या जमान्यात काही बिघडत नव्हतं. आता न्यायाधीशांसमोर स्क्रीन आहे. वकील म्हणतात ‘पान १४३’, न्यायाधीश १४३ टाइप करतात आणि समोर उघडतं ते कागदावरचं १३५, कारण पीडीएफ पहिल्या पानापासून मोजते. दोन मिनिटं गोंधळात जातात, तेवढ्यात न्यायाधीशांचा मूड जातो. हे टाळायचं असेल तर पीडीएफमधले पानांचे क्रमांक वेगळे लावावे लागतात, प्रत्येक एक्झिबिटला बुकमार्क द्यावा लागतो आणि स्कॅन केलेला मजकूर शोधता येईल असा करावा लागतो. हे तरुण वकिलाला येतं का? यायला हवं, पण तो रात्री अकराला ड्राफ्ट संपवून घरी गेलेला असतो.

तसंच पुराव्याचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. व्हॉट्सअ‍ॅप संवाद किंवा ईमेलची प्रिंट पुराव्यात द्यायची तर जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५ बी ऐवजी आता कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग आहेत: एक पक्षकाराने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हीत फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे त्या फाइलचा डिजिटल ठसा, नोंदवावी लागते. ती काढायला अवघड नाही, पण कुणीतरी ती काढून, नमुन्यात बिनचूक उतरवून, सही कुणाची कुठे हवी ते पाहून वेळेत तयार ठेवावं लागतं. सगळ्याच गोष्टी एकदम शिकायला जाऊ नका, दमून जाल. माझं ऐकाल तर पीडीएफ, ई-फायलिंग आणि हे प्रमाणपत्र, एवढ्यावर तीन महिने बसा.

आता ते एआयचं सॉफ्टवेअर. त्याची भीती तुमच्या पत्रात दोनदा आली आहे, म्हणून जरा थांबते. बोललेलं उतरवून घेण्यात ते तुमच्यापेक्षा स्वस्त आणि जलद आहे, त्यात त्याच्याशी झुंजू नका. पण मिळकतीच्या परिशिष्टात ‘वडगाव बुद्रुक’ हवं होतं आणि ‘वडगाव खुर्द’ पडलं, तर ते वाक्य सुबक दिसतं, व्याकरणही बरोबर असतं आणि गाव मात्र दुसरंच असतं. गट नंबर, फेरफार, सातबाऱ्यावरची चार भावांची एकसारखी नावं, इथे यंत्राला शंका येत नाही. तुम्हाला येते. आणि निवाड्यांचं तर विचारूच नका. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या वकिलांना चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे कोर्टात दिल्याबद्दल ५,००० डॉलरचा दंड झाला, तेव्हा आपल्याकडे लोक हसले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकराचा एक आकारणी आदेश रद्द केला. त्यात ज्या तीन निवाड्यांचा आधार घेतला होता, ते कुठेच सापडत नव्हते. म्हणजे दाखल होण्याआधी प्रत्येक निवाडा उघडून पाहणं, पक्षकारांची नावं, वर्ष आणि परिच्छेद जुळवणं हे आता एक स्वतंत्र काम झालंय. तुमच्या फर्ममध्ये ते कुणाकडे आहे, याची चौकशी करा. बहुधा कुणाकडेच नसेल.

दुसरी एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. वकील आणि अशील यांच्यातली गोपनीयता साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे आणि त्याच कलमात ती वकिलाच्या कारकुनांना आणि कर्मचाऱ्यांनाही लागू केली आहे. कायद्याने तुम्हाला त्या केबिनच्या आत धरलंय, दाराबाहेर नव्हे. त्यामुळे घाईत कुणी सांगितलं की ‘हे अ‍ॅग्रीमेंट त्या फुकटच्या वेबसाइटवर टाकून सारांश काढा’, तर ‘हे फर्मने मान्य केलेलं साधन आहे का?’ असं विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे, कर्तव्यही आहे. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी एआय वापरण्याचं धोरण काढलं, त्याचाही रोख मान्यताप्राप्त साधनांवर आणि गोपनीयतेवर आहे. न्यायालयं स्वतः एवढी जपून असतील तर फर्मने लेखी नियम करायला हरकत नसावी.

आता थोडं टोचेल असं. कॉन्फरन्स रूम बुक करायला सांगितलं याचा तुम्हाला राग आला. पण सरांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका टाइप केली, हे तुम्ही अभिमानाने लिहिलंय. कामाच्या दर्जाने पाहिलं तर यांतलं फर्मचं काम कोणतं? रूमचं बुकिंग. पत्रिका तर सरांचं घरचं काम होतं आणि ते तुमच्या ऑफिसच्या वेळेत झालं. फरक पडला तो नात्यामुळे. सरांनी सांगितलेलं काम तुम्हाला विश्वासाची खूण वाटलं आणि त्या मुलीने सांगितलेलं हुकूम वाटला. मी सरांना नावं ठेवत नाहीये. पण मला शंका येते, की तुम्हाला जे जातंय असं वाटतं त्यात अर्धं काम आहे आणि अर्धे सर आहेत. चोवीस वर्षांच्या सहवासाचं दुःख होणारच, ते होऊ द्या. फक्त त्या भरात नोकरीचा निर्णय घेऊ नका.

त्या मुलीबद्दल आणखी एक. ती पहिल्या-दुसऱ्या वर्षाची असोसिएट असेल तर तिला प्रिसिपी (कोर्टाच्या कार्यालयाला द्यायची लेखी विनंती) कशी लिहायची आणि तातडीची मॅटर कुणासमोर मेन्शन करायची, म्हणजे तोंडी मांडायची, हे कुणी नीट सांगितलेलं नसतं. कॉलेजात शिकवत नाहीत, पार्टनरला वेळ नसतो. एकदा तिचं फायलिंग ऑब्जेक्शनमध्ये अडकलेलं तुम्ही सोडवून दिलंत, की रूम बुकिंगसाठी ती तुमच्याकडे येणं आपोआप कमी होईल. कमी झालं नाही, तर ‘रूमचं रिसेप्शनकडे आहे’ हे सरळ आवाजात सांगा. तेवढं चालतं.

‘पूल’ ही पदावनती आहे असं तुम्ही मानता. असू शकते. मी दोन्ही प्रकार पाहिलेत. एका ठिकाणी पूल म्हणजे तीन बायका एका कोपऱ्यात, ज्याचा आवाज मोठा त्याचं काम आधी आणि बिघडलं की दोष पूलचा. दुसऱ्या ठिकाणी पूलमधल्या एकीकडे तारखा, एकीकडे फायलिंग, एकीकडे बिलिंग अशी स्वच्छ वाटणी आणि तिघींना पार्टनरच्या साप्ताहिक बैठकीत खुर्ची. नाव दोन्हीकडे एकच होतं. तुमचा पूल कोणता होणार हे अजून ठरलेलं नसेल, तर एप्रिलच्या आधीच बोलायला हवं. एकदा सवयी पडल्या की कुणी ऐकत नाही.

बोलायला जाताना तक्रार घेऊन जाऊ नका, नोंद घेऊन जा. आजपासून दोन-तीन आठवडे रोज संध्याकाळी पाच ओळी लिहा: आज काय केलं आणि ते केलं नसतं तर काय झालं असतं. ‘अमुक मॅटरची १२० दिवसांची मुदत शुक्रवारी संपते हे सोमवारी कळवलं.’ ‘अ‍ॅफिडेव्हिटवर नोटरीची तारीख चुकली होती, दाखल होण्याआधी बदलून घेतली.’ भाषा अशी कोरडीच ठेवा. अशिलांची नावं त्यात नकोत. ही नोंद तुमच्या स्वतःच्याही उपयोगाची आहे, कारण ‘माझं काम संपलंय का’ याचं उत्तर त्यातून माझ्या पत्रापेक्षा नीट मिळेल. दोन-तीन आठवड्यांत अशा चारच ओळी निघाल्या, तर तुमची भीती खरी आहे आणि पुढचं वेगळं ठरवावं लागेल. मला वाटतं चाळीस निघतील.

बैठकीत तीन गोष्टी लेखी मागा. दोन वकिलांची कामं एकाच वेळी तातडीची असली तर क्रम कोण ठरवणार. ई-फायलिंगमध्ये लॉगिन वकिलाचं असतं, ओटीपी त्यांच्या फोनवर येतो आणि बटण तुम्ही दाबता, तर शेवटची प्रत बरोबर असल्याचा त्यांचा होकार ईमेलवर आल्याशिवाय तुम्ही दाखल करणार नाही, हे मान्य आहे का. फोनवरून ओरडून सांगितलेला ओटीपी म्हणजे होकार नव्हे. तिसरं, तुमचं पद. तारखांची आणि फायलिंगची जबाबदारी तुमच्याकडे असेल, तर पदाच्या नावात ती दिसू दे. पगार लगेच वाढेल असं नाही. पण उद्या दुसरीकडे अर्ज करायची वेळ आली तर ‘सेक्रेटरी, सपोर्ट पूल’ आणि ‘सीनियर, लिटिगेशन फायलिंग’ यांत समोरच्याला फार फरक दिसतो.

वहीचा प्रश्न मला तुमच्या पत्रातला सगळ्यात खरा प्रश्न वाटला. दिली तर आपली गरज संपेल, नाही दिली तर अडवणूक केली असं दिसेल. यावर शेजारणीला लोणच्याचं प्रमाण सांगताना मीठ हातचं राखणाऱ्या बायकांसारखं वागावं, असा मोह होतो. करू नका, लपत नाही. पण वही जशीच्या तशी स्कॅनरवर ठेवायलाही जाऊ नका. एक तर तिच्या समासात अशिलांचे फोन नंबर, कुणा बाबूंचं नाव, कोण कधी जागेवर असतं असलं बरंच काही असणार, ते स्कॅन होऊन सगळ्यांच्या फोल्डरमध्ये जाणं बरोबर नाही. दुसरं, निम्म्या नोंदी तुमच्याशिवाय कुणाला वाचता येणार नाहीत, कारण त्या शॉर्टहँडमध्ये असतील! तेव्हा मॅनेजरला सांगा: ‘वही देत नाही, पण त्यावरून फर्मसाठी फायलिंगची नियमावली मी लिहून देते. मला आठवड्यातून दोन दुपारी मोकळ्या द्या. तयार केल्याची तारीख आणि माझं नाव पहिल्या पानावर असेल आणि दर सहा महिन्यांनी ती मीच सुधारेन.’ नियम बदलतात. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२० पासून ए-फोर कागद, दोन्ही बाजूंनी छपाई, १४ चा फाँट हे आणलं, तेव्हा लेजर पेपरच्या किती वह्या एका रात्रीत जुन्या झाल्या ते तुम्ही पाहिलंय. जी नियमावली कुणी सुधारत नाही ती वर्षभरात निकामी होते. तुमची गरज त्या सुधारण्यात राहील.

आता भाचीचा सल्ला. एलएलबी मनापासून करायचं असेल तर वय आड येत नाही, वर्गात तुमच्या वयाचे आणखी दोघे-चौघे भेटतील. पण नोकरी टिकवण्यासाठी म्हणून करू नका. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला आधी सीईटी द्यावी लागते, ७० टक्के हजेरी लागते आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकानंतर, ना हरकत पत्र घेतल्याशिवाय शिकताना नोकरी केलेली नाही असं विद्यार्थ्याला लिहून द्यावं लागतं. डोंबिवलीहून सकाळचं कॉलेज, मग ऑफिस, मग परतीची लोकल, हे तीन वर्षं? तेही जमवलंत, तरी वकिलीची सनद घेतल्यावर पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. म्हणजे ५३ व्या वर्षी तुम्ही ज्युनियर वकील म्हणून पहिल्या पायरीवर उभ्या राहाल आणि हातात आहे तो अनुभव मोजला जाणार नाही. कायद्याची आवड म्हणून, निवृत्तीनंतरचा छंद म्हणून केलंत तर मी टाळ्या वाजवीन.

कोल्हापूरचा विचार मला त्यापेक्षा जवळचा वाटतो, पण त्यात एक खाच आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून तिथे सर्किट बेंचचं काम सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं तिथे चालतात. आजवर जिल्हा न्यायालयात काम केलेल्या तिथल्या वकिलांना हायकोर्टाच्या फायलिंगची सवय असलेली माणसं हवी असणार, यात शंका नाही. पण तुमची चोवीस वर्षं कोणत्या बाजूला गेली? सॉलिसिटर फर्म म्हणजे बहुतेक ओरिजिनल साइड: सूट आणि त्यांतले अर्ज. मूळ दिवाणी दावे ऐकण्याचा तो अधिकार मुंबईपुरता आहे, कोल्हापुरात ते काम येणारच नाही. तिथे लागतात रिट, फर्स्ट अपील, सेकंड अपील, जामीन अर्ज, म्हणजे अपेलेट साइड. तुम्ही अपेलेटची कामं किती केलीत? कमी असतील तर पुढच्या सहा महिन्यांत फर्ममधली अशी कामं मागून घ्या. शिवाय तिकडे खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड मराठीत असतं. जुन्या फायली श्रीलिपी किंवा डीव्हीबी-टीटी सुरेख अशा जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतात, त्या युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं फुटतात. मराठी टायपिंगचा हात असेल तर तो परत चालवायला घ्या. पगार फोर्टइतका मिळणार नाही. मिरजेहून रोज जाऊन-येऊन करता येईल आणि आईजवळ राहता येईल, याची किंमत तुम्हीच ठरवायची. आधी पंधरा दिवसांची रजा काढा, चार कार्यालयांत जाऊन बसा, मग बोला.

यजमानांच्या ‘सोडून दे’मागे काळजी असेल, पण त्यांना कागद-पेन्सिल घेऊन समोर बसवा. समजा, ग्रॅच्युइटीसाठी धरला जाणारा तुमचा शेवटचा पगार ४०,००० आहे. त्याला १५ ने गुणा, २६ ने भागा, मग २४ वर्षांनी गुणा. साधारण ५ लाख ५४ हजार होतात. रक्कम मोठी वाटते, पण पगार थांबल्यावर किती महिने पुरेल ते घरखर्चाच्या वहीत बघा. पीएफच्या पेन्शनचं वेगळंच आहे. पूर्ण पेन्शन ५८ व्या वर्षी मिळतं. ५० नंतर लवकर घेता येतं, पण ५८ ला जितकी वर्षं कमी, तितक्या वर्षांचे दरसाल ४ टक्के कापले जातात आणि ही कपात कायमची असते. तुम्ही ४९ च्या आहात. आज रागात राजीनामा दिलात तर ते लवकरचं पेन्शनही वर्षभर सुरू होणार नाही. फर्मने स्वतःहून काही पॅकेज देऊ केलं तर गोष्ट निराळी, तेव्हा आकडा लेखी घ्या आणि लगेच हो म्हणू नका.

अशीच पत्रं मला इतरांचीही येतात, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. तुम्ही पंचविशीतल्या असाल आणि शॉर्टहँड चांगलं असेल, तर ते सोडू नका. वकिलांच्या कार्यालयांनी ते टाकलं, पण न्यायालयांच्या स्वतःच्या भरतीत लघुलेखकाची पदं अजून निघतात आणि तिथे वेगाची परीक्षा द्यावीच लागते. ताईंना वयामुळे ते दार बंद आहे, तुम्हाला नाही. आणि तालुक्याच्या कोर्टात एकट्या वकिलांकडे काम करणारे जे कारकून लिहितात की ‘साहेबांना मोबाइलवर तारीख दिसते, आता माझं काय काम’, त्यांनी साहेबांच्या सगळ्या चालू प्रकरणांचे सोळा अक्षर-अंकी सीएनआर नंबर (प्रत्येक प्रकरणाला मिळणारा ओळख क्रमांक) एका तक्त्यात भरून, पुढची तारीख, कशासाठी आहे आणि अशिलाला कळवलं का, हे आणखी तीन रकाने करून द्यावेत. तारीख मोबाइलवर दिसते, पण अशिलाला साक्षीदार घेऊन यायला कुणी सांगायचं, ते मोबाइल करत नाही.

ताई, राहता राहिले सर. मार्चअखेर निरोप समारंभ होईल, शाल-श्रीफळ होईल, भाषणात तुमचं नावही येईल. ते सगळं होण्याआधी, ते अजून पार्टनर असताना, फर्मच्या लेटरहेडवर तुमच्या कामाचं पत्र त्यांच्याकडून मागून घ्या. ‘प्रामाणिक आणि मेहनती’ असल्या शब्दांचं नको. कोणत्या प्रकारच्या दाव्यांचं फायलिंग तुम्ही स्वतंत्रपणे सांभाळलंत, तारखांची डायरी किती वर्षं तुमच्याकडे होती, मसुद्याचा कोणता भाग तुम्ही स्वतः तयार करायचात, हे त्यात यायला हवं. त्यांना लिहायला वेळ नसेल तर मसुदा तुम्हीच करून सहीला ठेवा. त्या पत्राची एक प्रत नव्या मॅनेजिंग पार्टनरना जाऊ दे, पूलची बैठक त्यानंतरच्या आठवड्यात मागा.